जुना डायलचा फोन: आधी बोलता करा, मग चकचकीत करा

जुना फोन हाती आला की पहिला मोह होतो तो घासूनपुसून लख्ख करण्याचा. आमचं सांगणं उलट आहे. आधी तो बोलता करा, वाजता करा, डायल नीट फिरते का ते पाहा. बाहेरच्या कवचाला हात सगळ्यात शेवटी लावा. आतलं बिघडलेलं बहुतेक वेळा दुरुस्त होतं, पण कवचावर जास्त घासलं गेलं की ते परत येत नाही.

आम्ही जुन्या फोनचे सुटे भाग पुरवतो आणि डायल, घंटी दुरुस्त करून देतो. तरीही यातलं बरंचसं काम तुम्हाला घरी, मोजक्या हत्यारांनी करता येतं. हे फोन मुळात दुरुस्तीसाठीच बनवलेले होते. बहुतेक देशांत फोन ग्राहकाच्या मालकीचा नसे, टेलिफोन खात्याचा किंवा कंपनीचा असे. तो परत येई, उघडला जाई, भाग बदलून दुसऱ्या घरी लागे. म्हणून आत सगळं स्क्रूवर बसवलेलं असतं.

पहिला फोन कोणता घ्यावा

जो भरपूर बनला, तो. अमेरिकेचा वेस्टर्न इलेक्ट्रिक 500, ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा 706 (1959) किंवा जर्मनीचा डब्ल्यू 48, यांपैकी कुठलाही चालेल. यांचे भाग मिळतात, जोडणीचे नकाशे मिळतात आणि एखादा स्क्रू हरवला तरी जीव जात नाही. एरिक्सन कंपनीचा 1931 चा काळा बेकलाइटचा (जुन्या प्रकारच्या कडक प्लास्टिकचा) फोन फार देखणा आहे. त्याचा आकार नॉर्वेचे चित्रकार जाँ हायबर्ग यांनी घडवला आणि पुढच्या कित्येक फोनांनी तोच गिरवला. पण तो दुसरा फोन म्हणून घ्या. हँडल फिरवून वाजवायचे लाकडी भिंतफोन तर त्याहून पुढचे. बोलण्यासाठी त्यांना स्वतःची बॅटरी लागते आणि आतला जनित्र हँडल जोरात फिरवल्यावर सणसणीत झटका देऊ शकतो.

घेताना फोन उलटा करून पाहा. रिसीव्हर जिथे टेकतो ते कान आणि बुडाचे कोपरे तडकलेले असतात, तिथे नखाने चाचपा. डायलवर 0 पर्यंत फिरवून सोडा. ती अडखळत का होईना परत आली तर बरं लक्षण. आत वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळी वर्षं छापलेली दिसली, तर विकणाऱ्याने फसवलं असं लगेच समजू नका. वर सांगितलेल्या फेरदुरुस्तीमुळे असे मिश्र फोन सर्रास आढळतात, आणि आमच्या मते त्यामुळे त्यांची किंमत कमी होत नाही.

उघडण्याआधी

लाइन काढा. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर साधारण 50 व्होल्ट डीसी असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कुणी फोन केला तर घंटीसाठी 75 ते 90 व्होल्टचा एसी येतो. तो 20 ते 25 हर्ट्झचा असतो आणि बोटांना चांगलाच जाणवतो.

मग फोटो काढा. वरून, बाजूने, प्रत्येक जोडणीपट्टी जवळून. कुठली तार कुठल्या स्क्रूखाली होती हे दिसलं पाहिजे. कापडी वेष्टनाच्या तारांचे रंग उडालेले असतात, तेव्हा तारेला कागदाची चिठ्ठी बांधलेली बरी. स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसणारा, रुंद पात्याचा घ्या. पितळी स्क्रूची खाच एकदा फाटली की तो काढणं हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो.

दोष कुठे असतो

बहुतेक वेळा कॉर्डमध्ये. रिसीव्हरच्या कॉर्डमधली तार साधी तांब्याची नसते. दोऱ्याभोवती तांब्याची केसाएवढी पातळ पट्टी गुंडाळलेली असते, म्हणून ती हजारो वेळा वाकून टिकते. आवाज येतो-जातो असं होत असेल तर कॉर्ड दोन्ही टोकांना हलवून पाहा. अशा तारेला सोल्डर धरत नाही, दोरा जळतो. टोकाला धातूची काटेरी पट्टी दाबून बसवावी लागते. जमत नसेल तर हे काम आमच्याकडे द्या, किंवा त्याच बांधणीची नवी कॉर्ड लावा. जुनी कॉर्ड मात्र टाकू नका, पिशवीत घालून फोनसोबत ठेवा.

त्यानंतर हुकाचे संपर्क. रिसीव्हर उचलला की खालच्या पातळ पट्ट्या एकमेकींना टेकतात. टोकांवरचे इवलेसे ठिपके चांदीचे किंवा तसल्याच मौल्यवान धातूचे असतात आणि काळे पडतात. सँडपेपर लावाल तर ठिपकाच जाईल. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून दोन ठिपक्यांमध्ये ठेवा, वरून हलकेच दाबा आणि पट्टी ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ उमटेनाशी होईपर्यंत नवी पट्टी घ्या. पट्ट्या वाकवायच्या नाहीत.

समोरच्याला तुमचा आवाज खोल गेल्यासारखा ऐकू येत असेल तर बोलण्याच्या बाजूची कॅप्सूल पाहा. तिच्यात कार्बनचे बारीक कण असतात. आवाजाने पडदा हलतो, कण दाबले-सुटतात आणि प्रवाह कमी-जास्त होतो. दमटपणाने आणि वयाने कण चिकटतात. कॅप्सूल काढून आडवी-उभी फिरवत तळहातावर हलके आपटा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर बदला. फोडून आतले कण बदलण्याच्या फंदात पडू नका.

जुना कागदी कंडेन्सर हा छुपा दोषी. तो घंटीच्या वाटेत बसून डीसी अडवतो. गळायला लागला की रिसीव्हर ठेवलेला असूनही लाइनला तो उचलल्यासारखा वाटतो. तेवढ्याच क्षमतेचा, 250 व्होल्ट किंवा जास्तीचा, धन-ऋण नसलेला फिल्मचा कंडेन्सर लावा. जुन्याची एक बाजू सोडवून त्याला जागेवरच राहू द्या.

डायल

डायलला लोक घाबरतात आणि तेल ओततात. दोन्ही नको.

बोटाने चकती फिरवताना स्प्रिंग भरते. आकडा पाठवला जातो तो चकती परत येताना. त्या वेळी एक संपर्क ठरावीक वेळा उघडतो. 3 ला तीनदा, 0 ला दहादा. परतीचा वेग सेकंदाला दहा ठोके असा असावा लागतो, आणि तो राखतो मागच्या बाजूचा छोटा गव्हर्नर. तो वेगाने फिरला की त्याचे दोन दट्टे बाहेर फाकतात आणि वाटीला घासून वेग आवरतात. या घासण्याच्या जागी तेल गेलं की डायल सुसाट पळते. गव्हर्नरच्या फिरत्या दांडीच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा, सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरे. गंज सोडवायचा फवारा मारू नका, तो सुकून चिकट थर धरतो.

वेग मोजायला मोबाइल पुरतो. 0 फिरवा, डायल परत येतानाचे टकटक आवाज रेकॉर्ड करा आणि आवाजाची आकृती दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहा. पहिल्या ठोक्यापासून दहाव्यापर्यंत सुमारे 0.9 सेकंद लागले तर डायल ठीक. सव्वा सेकंद लागत असेल तर आत वाळलेलं वंगण आहे. मुख्य स्प्रिंगचा स्क्रू मात्र सोडवू नका.

डायल फिरत असताना कानात जोरात कडकड ऐकू येत असेल तर त्या वेळेपुरता रिसीव्हर बंद करणारे संपर्क मळलेले आहेत. वर सांगितलेली कागदाची पट्टी इथेही चालते.

आकडे विचित्र क्रमाने दिसले तर चकती चुकीची समजून बदलू नका. स्वीडनमध्ये 0 ला एक ठोका असे, तर न्यूझीलंडमध्ये क्रम उलटा होता. ती त्या फोनची ओळख आहे.

लाइन नसताना चाचणी

दोन फोन घ्या. एकाच्या लाइनची एक तार दुसऱ्याच्या लाइनच्या एका तारेला जोडा आणि उरलेल्या दोन तारांमध्ये 9 व्होल्टची बॅटरी लावा. दोन्ही रिसीव्हर उचलले की बोलणं ऐकू येतं. घंटी यावर वाजणार नाही, पण कॉर्ड, हुक, कॅप्सूल सगळं कळतं. लहान मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

इंटरनेटच्या डब्याला (राउटरला) फोन जोडल्यावर सूर ऐकू येतो, आलेला फोन वाजतो, पण डायल करून काहीच होत नाही, अशी तक्रार वरचेवर येते. बहुतेक वेळा फोन ठीक असतो. पुष्कळ डब्यांना डायलचे ठोके समजत नाहीत, त्यांना बटणांचे सूर लागतात. मध्ये ठोक्यांचे सूर करणारा रूपांतरक लावा. आतलं सगळं उपसून नवीन सर्किट बसवण्याला आमचा ठाम विरोध आहे, आणि ते काम आम्ही घेत नाही.

आता कवच

बेकलाइट हा बेकलंड यांनी 1907 मध्ये शोधलेला प्लास्टिकचा प्रकार. त्यात लाकडाचा भुसा वगैरे भराव असतो. वरचा चकचकीत थर पातळ असतो. तो घासून गेला की खालचा भुरकट भराव उघडा पडतो आणि मग कितीही पॉलिश लावा, ती चमक येत नाही. म्हणून कोरडा सँडपेपर नको. काही जुन्या बेकलाइटच्या भरावात ॲस्बेस्टॉसही असे, त्यामुळे तो घासून धूळ उडवणं फुफ्फुसांसाठीही धोक्याचं. ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. मग धातूचं बारीक पॉलिश मऊ कापडावर घेऊन गोल गोल फिरवा आणि शेवटी मेणाचा हात द्या.

नंतरच्या एबीएस प्लास्टिकचा पिवळेपणा बहुधा वरवरचा असतो. पाण्यासोबत 800 नंबरपासून 2000 नंबरपर्यंतचा सँडपेपर आणि मग प्लास्टिक पॉलिश, असं चालतं. कडांवर हात हलका ठेवा, छापील अक्षरं झाकून घ्या.

आमच्याकडे फोन पाठवताना

आधी आतले फोटो पाठवा. बऱ्याच अडचणी त्यावरूनच सुटतात आणि फोन पाठवावाच लागत नाही. पाठवायचाच झाला तर रिसीव्हर फोनवर ठेवून कधीही पाठवू नका. वाटेतल्या धक्क्यांनी तोच कवचाचे कान तोडतो. रिसीव्हर वेगळा गुंडाळा, हुकाच्या दांड्याखाली कागदाची गुंडाळी ठेवा आणि तुटलेले तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी, लखोट्यात घालून सोबत द्या.