विद्यार्थी समुपदेशन केंद्र

विद्यापीठात शिकणाऱ्यांना मानसिक अडचणींसाठी संस्थेच्या आवारातच, बहुधा वेगळे शुल्क न घेता, समुपदेशन आणि मानसोपचार देणारी व्यवस्था. तेथे काम करणाऱ्याला समुपदेशक म्हणतात; विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘काउन्सेलर’ हाच शब्द असतो. हे केंद्र धड दवाखाना नसते आणि धड कार्यालयही नसते. समुपदेशकाला पगार संस्था देते, पण त्याची बांधिलकी समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी असते. या अवघडलेल्या जागेतूनच केंद्राची बहुतेक वैशिष्ट्ये आणि बहुतेक वाद निघतात.

अशा केंद्राची गरज मुळात वयामुळे पडते. आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना त्याची सुरुवात वयाच्या २४ व्या वर्षाच्या आत झालेली असते. म्हणजे विद्यापीठाची वर्षे नेमकी त्या काळात येतात. घर सुटते, झोपेचे वेळापत्रक कोलमडते, शाळेत पहिला येणारा मुलगा इथे सगळेच पहिले आलेल्यांच्या वर्गात बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ८ देशांतील १९ शिक्षणसंस्थांच्या प्रथम वर्षाच्या सुमारे १४,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आजवर किमान एका मानसिक विकाराची लक्षणे येऊन गेलेली आढळली. संशोधक विद्यार्थ्यांबद्दल त्याच वर्षी आलेला एक आकडा अधिक गाजला : २६ देशांतील २,२७९ जणांच्या पाहणीत ४१ टक्क्यांना मध्यम ते तीव्र चिंता, तर ३९ टक्क्यांना त्याच पातळीचे नैराश्य. हा आकडा जपूनच वापरावा. अशा प्रश्नावल्या स्वखुशीने भरायच्या असतात आणि ज्याला त्रास आहे तो त्या भरण्याची शक्यता जास्त असते.

उगम : या सेवेला दोन वेगळी मुळे आहेत आणि त्यांचा सांधा अजूनही पूर्ण बुजलेला नाही. पहिले मूळ वैद्यकाचे. येल विद्यापीठाचा पदवीधर क्लिफर्ड बीअर्स हा स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेला होता. १९०९ मध्ये त्याने अमेरिकेत मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली आणि पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी पहिली मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली. हुशार मुले शिक्षण अर्धवट टाकून जातात त्यामागे बुद्धीची नव्हे तर मनाची अडचण असते, हे तेथे ध्यानात आले होते. दुसरे मूळ व्यवसाय मार्गदर्शनाचे. फ्रँक पार्सन्स याने १९०८ मध्ये बोस्टनमध्ये तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारे कार्यालय काढले. त्याच वाटेने मिनेसोटा विद्यापीठात १९३२ मध्ये चाचणी केंद्र आले. एडमंड विल्यमसन याच्या हाताखाली तेथे विद्यार्थ्याची चाचणी घ्यायची, निष्कर्ष काढायचा आणि सल्ला द्यायचा अशी पद्धत बसली. सल्ला देणारा जाणता, ऐकणारा अजाण, असा तो मामला होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स याने हे उलटे केले. माणसाला स्वतःची दिशा स्वतःच सापडते, समुपदेशकाने तिला जागा करून द्यायची, अशी मांडणी त्याने १९४२ मध्ये केली. १९४५ पासून शिकागो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात त्याने ती वर्षानुवर्षे राबवली. बंद खोलीतल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून त्यांचा अभ्यास करण्याची रीतही त्याच्यामुळे रुळली. ‘रुग्ण’ऐवजी ‘क्लायंट’ म्हणण्याची पद्धत त्याने रूढ केली. मराठीत त्यासाठी ‘सल्लार्थी’ हा शब्द काढला गेला आहे, जरी रॉजर्सचा सगळा आग्रह सल्ला न देण्याचाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने शिकायला आलेल्या माजी सैनिकांमुळे अमेरिकेतील आवारांत अशी केंद्रे झपाट्याने वाढली.

कर्मचारी : समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांत लोक नेहमी गल्लत करतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध लिहून देण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे त्याचा. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून, म्हणजे ठरावीक पद्धतीच्या संवादातून, उपचार करतो. मोठ्या केंद्रात दोघांच्या जोडीला समाजकार्यकर्ते आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे प्रशिक्षणार्थीही असतात. लहान संस्थेत एकच समुपदेशक असतो आणि मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो. प्रशिक्षणार्थी समोर आला म्हणून विद्यार्थी कधी कधी खट्टू होतात. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक सेशनवर, म्हणजे समुपदेशनाच्या बैठकीवर, वरिष्ठाची देखरेख असते, जी अनुभवी माणसाच्या कामावर क्वचितच असते. दर १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा, असा समुपदेशन केंद्रांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा निकष आहे. तो पाळणे पुष्कळ ठिकाणी जमत नाही.

पहिली भेट : विद्यार्थी आत येण्याआधी त्याच्या हातात कागद किंवा टॅब्लेट येतो. त्यावर बहुधा ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची प्रश्नावली असते. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांचे काय झाले असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढे नीट तपासायचे, असा संकेत. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ असते. अनुभवी समुपदेशक बेरीज मागाहून पाहतो. त्याची नजर आधी नवव्या प्रश्नावर जाते, कारण तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्या दिवसाचे सेशन त्या उत्तरापासूनच सुरू होते.

मग संमतिपत्र. कोणत्या गोष्टी खोलीबाहेर जाणार नाहीत आणि कोणत्या नाइलाजाने जातील, हे समुपदेशक तोंडी सांगतो. त्यात एक बारीकशी सूचना हमखास असते : ‘आपण कॅन्टीनमध्ये किंवा जिन्यात भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मीही दाखवेन.’ एकाच आवारात राहणाऱ्यांसाठी ही सूचना फार मोलाची ठरते. सोबतच्या मित्राने ‘हे कोण?’ विचारले तर काय सांगायचे, हा प्रश्नच उरत नाही. खोलीतही फारसे काही नसते. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या, हाताशी टिश्यूचा डबा, आणि घड्याळ अशा भिंतीवर की समुपदेशकाला मान न वळवता दिसावे. सेशन साधारण ५० मिनिटांचे. या धंद्यातल्या प्रत्येकाला आलेला अनुभव असा की, पंचेचाळीस मिनिटे परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोललेला विद्यार्थी उठतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि जाता जाता खरी गोष्ट सांगतो.

उपचारपद्धती : केंद्रांत लघु मुदतीचे उपचार चालतात. विचार आणि वर्तन यांची सांगड तपासणारी, ॲरन बेक याच्या कामातून आलेली कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी सर्वांत प्रचलित. ॲल्बर्ट एलिस याची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती तिच्याही आधीची, १९५० च्या दशकातली. ‘मला पहिल्या प्रयत्नात पास झालेच पाहिजे’ यातला ‘च’, म्हणजे अट्टाहास, पकडणे हे तिचे काम, आणि मराठी भाषेने तो ‘च’ उघडाच ठेवलेला असल्याने ती इथे समजावून सांगायला सोपी जाते. पद्धत कोणतीही असली तरी परिणामाचा मोठा वाटा नात्याचा असतो, असे संशोधन वारंवार सांगते. एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ मध्ये त्या नात्याचे तीन भाग सांगितले : काय साधायचे यावर एकमत, ते कसे साधायचे यावर एकमत, आणि दोघांतला विश्वास. त्यामुळे समुपदेशक पटला नाही तर बदलून मागण्यात गैर काही नाही, आणि बहुतेक केंद्रे तो बदल मुकाट्याने करून देतात. गटोपचार अनेक अडचणींत वैयक्तिक उपचाराइतकेच उपयोगी पडतात. विद्यार्थी मात्र त्याला बिचकतात. गटात आपल्याच वसतिगृहातले कोणी निघाले तर, ही त्यांची धास्ती अगदीच निराधार नसते.

एका सेशनवर थांबणारे पुष्कळ असतात. अमेरिकेतील केंद्रांच्या एकत्रित नोंदींत सर्वाधिक विद्यार्थ्यांच्या नावावर एकच भेट दिसते. याला केंद्राचे अपयश म्हणण्याची घाई करू नये. काहींना एकदा मोकळे होणे पुरते. काहींना जमत नाही आणि ते परतत नाहीत. या दोन गटांत फरक करणे अवघड असते.

मागणी वर्षभर सारखी नसते. शैक्षणिक सत्र सुरू होताना रांग छोटी असते, परीक्षा जवळ येताच प्रतीक्षायादी लांबते, आणि तीन आठवड्यांनी मिळालेली अपॉइंटमेंट परीक्षा उरकल्यावरची असते. यावर उपाय म्हणून ‘पायरीपायरीने’ सेवा देण्याची पद्धत आली. सौम्य अडचणीला स्वमदतीचे साहित्य किंवा कार्यशाळा, मध्यम अडचणीला गट किंवा मोजकी सेशन, तीव्र अडचणीला नियमित उपचार किंवा रुग्णालय. कागदावर नेटकी दिसणारी ही रचना पहिल्या पायरीवर मध्यम आणि तीव्र यांतला फरक ओळखणाऱ्या माणसाच्या अनुभवावर उभी असते. २०२० च्या महासाथीत सेशन पडद्यावर गेली तेव्हा आणखी एक पेच पुढे आला. अमेरिकेसारख्या देशात समुपदेशकाचा परवाना एका प्रांताचा आणि विद्यार्थी घरी, दुसऱ्या प्रांतात. अनेकांचे उपचार मनामुळे नाही, हद्दीमुळे थांबले.

आत्महत्येचा धोका : ‘विचारले तर डोक्यात घातल्यासारखे होईल’ ही समजूत चुकीची आहे. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांत दिसले आहे. पूर्वी विद्यार्थ्याकडून ‘मी तसे काही करणार नाही’ असे लिहून घेत. त्याचा उपयोग होतो याला पुरावा मिळाला नाही. अशा कागदाने समुपदेशकाची काळजी कमी होत असेल तेवढीच. आता त्याजागी सुरक्षा आराखडा बनवतात. वाईट वेळ जवळ आल्याची खूण कोणती, तेव्हा एकट्याने काय करता येते, कोणाकडे जाऊन बसता येते, मदत कोणाकडे मागायची, तज्ज्ञांचे कोणते क्रमांक हाताशी हवेत, आणि इजा करता येईल अशी साधने दूर कशी ठेवायची, हे विद्यार्थ्याच्याच शब्दांत एका कागदावर उतरते. ‘आईला फोन’ असे कोणी लिहिले की चांगला समुपदेशक विचारतो, आई रात्री दोनला फोन उचलते का?

गोपनीयता : समुपदेशन केंद्राचा सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे. प्रौढ विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांना, प्राध्यापकांना वा प्रशासनाला द्यायची नाही, हा सर्वसाधारण नियम. अपवाद जिवाच्या धोक्याचा. तो अपवाद ठळक करणारा खटला विद्यापीठाच्या आवारातूनच आला. १९६९ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्य सेवेत उपचार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका तरुणीला मारण्याचा बेत उपचारकाला सांगितला. उपचारकाने आवारातील पोलिसांना कळवले, त्यांनी चौकशी करून त्याला सोडले, तरुणीला कोणीच सावध केले नाही आणि पुढे तिचा खून झाला. टारासॉफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, जिच्या जिवाला धोका आहे त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. विद्यापीठाच्या जबाबदारीची दुसरी हद्द २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आखली. विद्यार्थ्याने आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे किंवा तसा बेत बोलून दाखवल्याचे संस्थेला प्रत्यक्ष ठाऊक असेल, तर तिला काही पावले उचलावीच लागतात. नुसत्या अंदाजावर तिला धरता येत नाही.

उलट दिशेची गोष्टही घडली आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठावर तिथल्याच विद्यार्थिनीने दावा लावला, तेव्हा विद्यापीठाने स्वतःच्या केंद्रातील तिच्या उपचारांच्या नोंदी बचावासाठी आपल्या वकिलांकडे घेतल्या. कायद्याच्या अक्षरात हे बसत होते की नाही यावर बराच काथ्याकूट झाला, आणि २०१६ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याला असे करू नये म्हणून संस्थांना पत्र लिहावे लागले. पगार देणारा आणि ज्याच्यावर तक्रार तो एकच असला की काय होते, याचे यापेक्षा उघड उदाहरण सापडणार नाही.

रोजच्या कामात हा ताण इतका नाट्यमय नसतो, पण असतो. एकाच मार्गदर्शकाच्या हाताखालचे तीन संशोधक विद्यार्थी वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच तक्रार सांगतात. समुपदेशकाला तिन्ही ठाऊक, त्या तिघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि मार्गदर्शकाविरुद्ध त्याने एक शब्द काढला तरी विश्वास मोडतो. तो करू शकतो ते इतकेच : विद्यार्थ्याला तक्रार निवारणाची वाट दाखवायची आणि वार्षिक अहवालात नावे काढून, आकड्यांच्या आडून, त्या विभागाकडे बोट दाखवायचे. विद्यार्थी संघटनांची टीका इथेच लागू पडते. संस्था परीक्षा, वसतिगृह, छळ यांचे प्रश्न सोडवण्याऐवजी विद्यार्थ्याला श्वासाचे व्यायाम शिकवते, असे त्या म्हणतात. दुसऱ्या टोकाचे टीकाकार म्हणतात की साध्या दुःखालाही आजाराचे नाव देण्याची सवय लागते आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्याला दोन्हींचा उपयोग नाही.

सेवेचा शेवट : विद्यार्थीपण संपले की हक्कही संपतो. निकाल लागला, ओळखपत्र बाद झाले, की उपचार अर्धवट असले तरी खुर्ची दुसऱ्याची. म्हणून शेवटच्या शैक्षणिक सत्रात समुपदेशक बाहेरच्या तज्ज्ञाचे नाव नुसते चिठ्ठीवर लिहून देत नाहीत. पहिल्या भेटीची वेळ विद्यार्थ्याने खोलीत बसूनच फोन करून घ्यावी असे पाहतात, कारण घरी नेलेल्या चिठ्ठ्यांवरचे फोन बहुधा होत नाहीत. नोंदी मात्र कुलपात राहतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, स्थानिक कायदा वेगळे सांगत नसेल तर, प्रौढांच्या नोंदी शेवटच्या भेटीनंतर सात वर्षे जपाव्यात.