क्रॅनियल ऑस्टिओपॅथी

कवटी आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे तिकोनी हाड) यांवर हात अलगद टेकवून करायचा हस्तोपचार. ऑस्टिओपॅथी म्हणजे हाडे, सांधे व स्नायूंवर हाताने उपचार करण्याची पद्धत; तिची ही शाखा विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) यांची. अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कर्कस्‌व्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांच्या विद्यालयात शिकत असताना सुट्या हाडांची कवटी त्यांच्या पाहण्यात आली. शंखास्थीच्या (कानशिलाच्या हाडाच्या) तिरप्या कडा त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या आणि ही रचना हालचालीसाठीच असणार, असे त्यांनी धरले. पुढे पट्टे आवळून त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग केले. त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले.

मेंदूभोवतीचा द्रव, मेंदूची आवरणे, कवटीची हाडे आणि त्रिकास्थी ही सारी एका संथ लयीत हलतात व ती लय बोटांना कळते, असा या शाखेचा दावा. लय मिनिटाला साधारण १० ते १४ सांगतात. मात्र एकाच रुग्णाची लय दोन जाणकारांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. शिवाय कवटीच्या तळाशी जतूकास्थी (कवटीच्या तळाचे मधले हाड) व पश्चकपालास्थी (डोक्याच्या मागचे हाड) यांचा सांधा किशोरवयातच पक्का जुळतो. त्यामुळे ‘हाडे जागेवर बसवली’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. स्वस्थ पडून राहणे आणि उबदार, स्थिर स्पर्श यांनी आराम वाटतो, एवढे म्हणायला हरकत नाही.

रुग्ण उताणा झोपतो. केसांच्या पिना व कानातले आधी काढतात. उपचारक डोक्याशी बसून दोन्ही कोपरे टेबलावर टेकवतो. कोपर अधांतरी राहिले तर स्वतःच्याच हाताचा कंप रुग्णाची लय म्हणून मोजला जातो. नेहमीच्या पकडीत तर्जनी कानशिलाशी, मधले बोट कानापुढे, अनामिका कानामागे, करंगळी डोक्याच्या मागच्या हाडावर. अंगठे वर एकमेकांना टेकलेले, कवटीला न लागलेले. दाब पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमच्यातल्या पाण्याएवढा. डोक्याच्या मागच्या हाडावर तळहाताचे मांसल उंचवटे टेकवायच्या पद्धतीत हात बाहेर सरकून शिवणीवर, म्हणजे कवटीच्या दोन हाडांच्या जोडावर, जाता कामा नये. उपचारानंतर काहींना चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी होते, म्हणून लगेच उठवत नाहीत.

हात लावण्याआधी विचारपूस, रक्तदाब, मानेची हालचाल व मज्जासंस्थेची तपासणी हवी. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, ताप व ताठ मान, बोलणे अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, डोक्याला नुकताच मार लागणे, यांपैकी काही असेल तर रुग्णालय गाठावे. मेंदूतला रक्तस्राव, रक्तवाहिनीचा फुगा किंवा कवटीतला वाढलेला दाब असताना हा उपचार करत नाहीत. चालू औषधे उपचारकाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. ताणाच्या डोकेदुखीत मानेचे व्यायाम, पुरेशी झोप आणि चष्म्याचा नंबर यांकडे पाहावेच लागते.

तान्ह्या बाळांच्या रडण्यासाठी आईवडील हमखास इकडे वळतात. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र शेवटच्या उपचाराला मिळते. एका बाजूने चपटे झालेले डोके असेल तर बाळाला उताणेच निजवावे, मान आलटूनपालटून दोन्हीकडे वळवावी आणि जागेपणी, समोर बसून, पोटावर ठेवावे. मान एकाच बाजूला वळत असेल तर फिजिओथेरपी लागते. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी मालिशवाली टाळू भरते, डोके दाबून गोल करते. क्रॅनियल पद्धतीत असे दाबणे नाही. पुढची टाळू सहसा दीड वर्षापर्यंत आपोआप बंद होते. शांत, मांडीवर उभ्या धरलेल्या बाळाची टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्यावे.