सांगलीत घर घेताय? इसार देण्याआधी हे कागद बघा

सांगली-मिरजेत घराचा सौदा तोंडी ठरला की लगेच इसाराचा, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी द्यायच्या आगाऊ रकमेचा तगादा सुरू होतो. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्या दर वाढेल, असं सांगून घाई केली जाते. घाई करू नका. तपासणी आधी, इसार नंतर. अगदीच थांबता येत नसेल, तर रक्कम लहान ठेवा, ती चेकने द्या आणि 'मालकी हक्क निर्वेध न निघाल्यास इसार पूर्ण परत' ही अट इसारपावतीत लिहून घ्या.

उतारा स्वतः काढा

मिळकत सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड लागतं. हद्दीबाहेर असेल तर सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. एकाच जागेचे दोन्ही उतारे चालू असतील तर नावं आणि क्षेत्र जुळतात का ते बघा. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून माणूस मालक ठरत नाही. ती फक्त कर आकारणीची नोंद असते.

सातबाऱ्यावर बहुतेक लोक नाव आणि क्षेत्र बघून थांबतात. खरी गोष्ट 'इतर हक्क' या रकान्यात असते. तिथे 'ई-करार' दिसला तर विकास सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा आहे. तो फेडून कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातली बदलाची नोंद मागा. 'कुळकायदा कलम ४३' लिहिलं असेल तर ती कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला मिळालेली जमीन असते आणि विक्रीला बंधन असतं. 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागातल्या जमिनींवर दिसतो. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, त्याच्या मागे आणखी हिस्सेदार असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे नाव अज्ञान (अल्पवयीन) मुलाचं, पालनकर्ता दुसरा. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते.

भोगवटादार वर्ग १ (विक्रीला मोकळा) आहे की वर्ग २ (विक्रीला बंधन असलेला), हेही सातबाऱ्यावरच कळतं. कोयना, वारणा धरणग्रस्तांना दिलेल्या आणि वतनाच्या जमिनी बऱ्याचदा वर्ग २ मध्ये असतात. सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आणि नियमानुसार नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरल्याशिवाय त्यांची विक्री करू नये. नाहीतर जमीन शासनजमा होण्याची जोखीम घेणारा म्हणून तुमच्या डोक्यावर येते.

आणि बहिणी. 'बहिणींनी हक्क सोडलाय' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. वंशावळ मागा. प्रत्येक वारसाची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र चालत नाही.

तीस वर्षांचा शोध

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा बघता येतो, पण जुनी वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयातच शोधावी लागतात. मिळकतीवर दावा चालू आहे का, हे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने बघा. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीसही द्या. कर्ज घेणार असाल तर बँकेचा वकील कागद बघतोच, पण तो बँकेसाठी बघतो. स्वतःचा वकील वेगळा लावा, त्या फीमध्ये काटकसर नको.

गुंठेवारीची जागा

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या कितीतरी वसाहती गुंठेवारीतून उभ्या राहिल्या. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडले, नोटरीवर विकले, घरं बांधली. अशा घरात राहणाऱ्यांचा दोष नाही, ऐपत तेवढीच होती. पण नवीन घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं शुल्क भरून नियमित करता येतात. २०२१ च्या दुरुस्तीने ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. म्हणून विकणाऱ्याकडे दोन कागद मागा: महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आणि मंजूर रेखांकन, म्हणजे प्लॉटच्या आखणीचा नकाशा. 'प्रकरण टाकलंय, होईल' या भरवशावर पूर्ण किंमत देऊ नका.

फक्त नोटरी केलेल्या साठेखताने (खरेदीच्या आधीचा करार) किंवा कुलमुखत्यारपत्राने (व्यवहाराचे अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. जमीन अजून शेतीच असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेताही येत नाही. तुकडेबंदीचे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करून विकण्यावरच्या बंदीचे नियम अलीकडे वारंवार बदललेत, त्यामुळे दस्त नोंदला जाईल का हे दुय्यम निबंधकांना आधीच विचारा.

पूररेषा

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. सांगलवाडी, दत्तनगर, कर्नाळ रोड, मारुती चौक या भागांत घर बघत असाल तर नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) घ्या आणि जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि त्याहून मोठ्या पुराची हद्द दाखवणाऱ्या लाल रेषेच्या मध्ये, ते विचारा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे. मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसह अटी लागतात. त्या घरात २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारा. विकणाऱ्याला नाही.

फ्लॅट असेल तर

मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) बघा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणीच्या सक्तीतून सुटतो, आणि आपल्याकडे बऱ्याच इमारती एवढ्याच असतात. मोठा प्रकल्प असेल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा दस्त नोंदला आहे का, तेही पाहा.

नोंदणी

महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. राहत्या घराची खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. किंमत किंवा रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर, जास्त असेल त्यावर शुल्क लागतं. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर कापून भरण्याची जबाबदारी तुमची. दोघांचं आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करा.

दस्तानंतर फेरफाराचा अर्ज झाला का ते बघा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग नोंद मंजूर होते. नवीन उताऱ्यावर तुमचं नाव आलं की घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजजोडणी नावावर करून घ्या.