देल्गादो, एजंट मोंतेरो आणि एक खोटा पासपोर्ट

आमच्या डिचोलीच्या घरी आजोबा मोंतेरोचं नाव घेताना आवाज खाली आणत. गोवा मुक्त होऊन पंचवीस वर्षं उलटली होती, तरीही. कासिमिरो मोंतेरो हा 1950 च्या दशकातला गोव्याच्या पोर्तुगीज पोलिसांतला एजंट. सत्याग्रही आणि भूमिगत कार्यकर्त्यांना कोठडीत बदडून काढण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. आजोबा पुढे म्हणत, "तिकडे पोर्तुगालच्या जनरललासुद्धा त्यानेच मारला." लहानपणी मला हे पारावरच्या गप्पांसारखं वाटे. ते खरं होतं. मात्र त्याला खरं म्हणता यायला सोळा वर्षं आणि एक क्रांती लागली.

तो जनरल म्हणजे उंबेर्तो देल्गादो. एके काळी तो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याच राजवटीतला माणूस, हवाई दलातला अधिकारी. 1958 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं लिस्बनमधल्या एका कॅफेतल्या पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं. "अर्थातच, बडतर्फ करणार," हे त्याचं उत्तर देशभर गेलं. सरकारी मोजणीत त्याला चौथा हिस्सा मतं मिळाली आणि सरकारचा उमेदवार अमेरिको तोमाश निवडून आल्याचं जाहीर झालं. पुढच्या वर्षी देल्गादोने ब्राझीलच्या दूतावासात आश्रय घेतला. मग ब्राझील, नंतर अल्जीरिया.

पीदे या गुप्त पोलिसांनी त्याच्याभोवती विरोधकांच्या वेशात आपली माणसं पेरली. लष्करातले काही अधिकारी बंडाला तयार आहेत, स्पेनच्या हद्दीत भेटायला या, असा निरोप गेला. 13 फेब्रुवारी 1965 रोजी पोर्तुगीज सरहद्दीजवळ तो आणि त्याची ब्राझिलियन सचिव आराजारीर कांपुश मारले गेले. मृतदेह 24 एप्रिलला व्हिल्यानुएवा देल फ्रेस्नो या गावाजवळ सापडले. देल्गादोचा शोध घेणारे हिंडत असताना दहा आठवडे ते स्पेनच्या मातीत पडून होते.

इथून अफवांना सुरुवात झाली, आणि पहिली अफवा सरकारच्याच बाजूने आली. देल्गादोचं अल्जियर्समधल्या निर्वासित विरोधकांशी फाटलं होतं, हे खरं होतं. त्याच धाग्याला ओढून कम्युनिस्टांनी आणि त्याच्याच साथीदारांनी काटा काढला, असं पसरवलं गेलं. फाटलं होतं म्हणून मारलं, हा तर्क ऐकायला पटतो. त्याच्या बाजूने पुरावा मात्र काहीच नव्हता.

पुरावा सापडला तो सरहद्दीवर. स्पॅनिश तपासाने त्या दिवशी पोर्तुगालमधून आलेल्या माणसांच्या नोंदी धुंडाळल्या. पीदेचे चौघे खोट्या पासपोर्टांवर हद्द ओलांडून गेले होते. रोझा काझाको त्यांचा म्होरक्या. मोंतेरोच्या पासपोर्टावरचं नाव भारतीय होतं. गोव्यात जन्मलेल्या, गोव्याच्या लोकांना छळलेल्या माणसाने खुनाच्या दिवशी एका हिंदी व्यापाऱ्याला शोभेल असं नाव पांघरलं, याने मला प्रत्येक वेळी अस्वस्थ व्हायला होतं. नावं खोटी असली तरी ती नोंदवलेली होती, आणि नोंद पुसता येत नाही. ही राजवट उलथवणाऱ्या 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर पीदेची दप्तरं उघडली, तेव्हा त्या नावांमागचे चेहरे पक्के झाले.

1981 मध्ये लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने मोंतेरोला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं. तोवर तो दक्षिण आफ्रिकेत निसटला होता आणि तिथेच मेला. खटल्यात पीदेवाल्यांची बाजू अशी, की बेत पळवून नेण्याचा होता, पण मोंतेरोने एकाएकी पिस्तूल काढलं. सगळं पाप एका माथेफिरूच्या माथी. गोव्यातल्या आपल्याला ही हकीगत लगेच पटते, कारण मोंतेरो तसा होताच. म्हणूनच इथे जपून पाहायला हवं. स्पॅनिश डॉक्टरांच्या शवविच्छेदन अहवालात देल्गादोच्या डोक्यावरच्या जबर घावांची नोंद आहे. मारहाणीतून मृत्यू आणि क्षणात झाडलेली गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारहाणीला वेळ लागतो, आणि बाकीचे तिघे तिथेच होते.

हुकूम कोणाचा, यावर अजून वाद घालतात. पीदेच्या वरिष्ठांनी कारवाई आखली होती, तिला 'शरद' असं सांकेतिक नाव दिलं होतं, हे दप्तरांतून दिसतं. मारून टाका, असा सालाझारच्या सहीचा कागद पुढे आलेला नाही. ज्या राजवटीत हेर रोजचा अहवाल वर पाठवत, तिथे त्याला काहीच ठाऊक नव्हतं हे मला पटत नाही. पण हे माझं मत झालं, पुरावा नव्हे.

मोंतेरोचं नाव पुढे आणखी एका हत्येशी जोडलं गेलं. मोझांबिकच्या फ्रेलिमो चळवळीचे नेते एदुआर्दो मोंदलाने 3 फेब्रुवारी 1969 रोजी दार-एस-सलाममध्ये टपालाने आलेल्या पुस्तकातल्या बॉम्बने मारले गेले. तो बॉम्ब मोंतेरोने बनवला, असं पुढे रोझा काझाकोने सांगितलं. पण काझाको हा देल्गादो प्रकरणात स्वतःच दोषी ठरलेला माणूस, आणि मेलेल्या साथीदारावर बोट ठेवणं सोपं असतं.

देल्गादो मारला गेला तेव्हा गोव्यातल्या सावई-वेऱ्यात मराठी शिकवणारे, गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात होते. ते 1969 च्या जानेवारीत सुटले. मोंतेरोचे कारनामे ज्या पिढीने अंगावर झेलले, त्या पिढीच्या साक्षी आपल्याकडे बव्हंशी तोंडीच राहिल्या. आजोबांचीही कोणी लिहून घेतली नाही.