सर्पपेटीचे तापन
पाळीव सापाच्या काचपेटीत कृत्रिम उष्णता पुरवून तेथील तापमान त्या जातीला मानवेल अशा मर्यादेत राखण्याची पद्धत. साप अनियततापी असल्यामुळे शरीराची ऊब तो परिसरातून मिळवतो. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या काही अजगरांच्या माद्या स्नायूंच्या आकुंचनाने उष्णता निर्माण करतात, तो अपवाद. पचन, कात टाकणे व रोगप्रतिकार या क्रिया ऊब मिळण्यावर अवलंबून असतात. भक्ष्य गिळल्यानंतर पेटी थंड राहिली, तर साप ते पुष्कळदा ओकून टाकतो.

पेटीचे एक टोक ऊबदार व दुसरे थंड ठेवून सापाला जागा निवडू द्यावी, हे तापनाचे मूलतत्त्व होय. त्याचे श्रेय सामान्यतः रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी सरीसृपतज्ज्ञांच्या वाळवंटी सरीसृपांवरील अभ्यासाला (१९४४) देतात. ऊन-सावलीत ये-जा करून हे प्राणी शरीराचे तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात, असे त्यांनी दाखविले. तथापि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तेथील सरीसृपविभागाच्या प्रमुख जोन प्रॉक्टर यांच्या कल्पनेनुसार १९२६-२७ च्या सुमारास उभारलेल्या सरीसृपगृहात विजेच्या साहाय्याने कमीअधिक ऊब देण्याची सोय होती. (त्याच प्राणिसंग्रहालयातील १८४९ चे सरीसृपगृह बहुधा जगातील पहिले.) त्यामुळे तत्त्वाची शास्त्रीय मांडणी १९४४ ची, पण व्यवहार त्याआधीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

बॉल पायथन या लहान आफ्रिकी अजगरासाठी (पायथन रेजियस) ऊबदार टोक सु. ३१°–३३° से. व थंड टोक सु. २५°–२७° से. ठेवतात, कॉर्न स्नेक या बिनविषारी अमेरिकी सापाला (पँथेरोफिस गट्टॅटस) दोन्हीकडे काही अंश कमी चालते. दोन्ही टोकांना लपण्याची जागा लागते. ती एकाच टोकाला असेल, तर भेदरलेला साप ऊब सोडून आडोसा धरतो किंवा आडोशासाठी नको तेवढी उष्णता सोसतो.

काच हे माध्यम तापनाला फारसे अनुकूल नाही. तेवढ्याच जाडीच्या लाकडाच्या मानाने तिच्यातून उष्णता अनेक पटींनी जलद वाहते आणि जाळीच्या झाकणातून गरम हवा निघून जाते. शिवाय साध्या सोडा-लाइम काचेचे उष्णतेने होणारे प्रसरण बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट असते. तळाचा एक भाग तापला व लगतचा थंड राहिला, तर ताण येऊन काच तडकू शकते. म्हणून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) तळाच्या सु. एक तृतीयांश भागापुरतीच लावतात आणि खाली हवा खेळावी म्हणून पेटी पायांवर उचलून ठेवतात. मॅटवरील भागात भुसा किंवा मातीचा जाड थर घातल्यास उष्णता कोंडते व मॅट स्वतःच जास्त तापते.

उष्णता खालून द्यावी की वरून, याविषयी मतभेद आहेत. मॅट व सिरॅमिक उत्सर्जक (प्रकाश न देता केवळ उष्णता देणारे साधन) यांचे प्रारण मुख्यतः दीर्घ लांबीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) तरंगांचे असून ते त्वचेच्या वरच्या थरातच शोषले जाते. हॅलोजन दिव्यातून लघू अवरक्त तरंगही मिळतात. ते ऊतींत अधिक खोल जातात व सूर्यप्रकाशाशी अधिक जुळतात. त्यामुळे दिवसा वरून उष्णता देण्याकडे अलीकडे कल आहे व तो साधार वाटतो. निशाचर जाती मात्र दिवसभर तापलेल्या दगडांची ऊब रात्री पोटाखाली घेतात, म्हणून मॅट सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. आतून तापणारे कृत्रिम दगड टाळावेत. त्यांनी सापांना गंभीर भाजल्याची उदाहरणे परिचित आहेत.

साप भाजेपर्यंत उष्ण जागा का सोडत नाही, याचे स्पष्टीकरण वादग्रस्त आहे. पोटाकडील त्वचेला वेदना जाणवत नाही, हे जुने मत आता फारसे ग्राह्य धरले जात नाही, कारण सापांत वेदनाग्राही चेतातंत्र असते. पेटीतील हवा थंड असताना ऊब एकाच ठिकाणी मिळत असल्याने साप तेथेच पडून राहतो, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. तसे असेल, तर दोष सापाच्या संवेदनेचा नसून पेटीच्या रचनेचा ठरतो.

कोणतेही तापनसाधन थर्मोस्टॅटशिवाय (तापमान-नियंत्रकाशिवाय) वापरू नये; अनियंत्रित मॅटचा पृष्ठभाग ४०° से.च्या बराच वर जाऊ शकतो. मॅटसाठी साधा चालू-बंद थर्मोस्टॅट, सिरॅमिकसाठी स्पंद-पद्धतीचा (वीज तुटक झोतांत देणारा) व दिव्यासाठी मंदक-पद्धतीचा (वीज हळूहळू कमीजास्त करणारा) वापरतात. खरी मेख प्रोबच्या (थर्मोस्टॅटच्या तापमान मोजणाऱ्या टोकाच्या) जागेत असते. साप भुसा उकरून काचेपर्यंत पोहोचतो, तेव्हा मॅटवरील काचेचेच तापमान नियंत्रित व्हावे लागते. हवेत टांगलेला प्रोब ते मोजत नाही. प्रोब सरकून थंड बाजूला गेला, तर थर्मोस्टॅट हीटर बंदच करत नाही. रिलेचे (थर्मोस्टॅटमधील विद्युत् स्विचचे) संपर्कबिंदू चिकटल्यासही तसेच होते. यासाठी स्वतंत्र तापमापक ठेवतात आणि शक्य तर कमाल मर्यादेवर वीज तोडणारा दुसरा नियंत्रक जोडतात. सिरॅमिकला चिनी मातीचे होल्डर लागते, प्लॅस्टिकचे वितळते. पेटीतील दिव्याभोवती, सापाला विळखा घालता येणार नाही अशी, जाळी बसवतात.

काही तास वीज गेल्यास निरोगी साप सहसा निभावून नेतो. उलट बहुतेक जातींना सु. ४०° से. किंवा त्याहून अधिक शरीरतापमान अल्पावधीत प्राणघातक ठरते. उन्हात ठेवलेली बंद काचपेटी या मर्यादेपलीकडे लवकर जाते.