अमेरिका खाली आपोआप येईल का?

शेजारच्या काकांचा मुलगा न्यूयॉर्कला असतो. परवा ओट्यावर चहा घेताना काकांनी विचारलं, “सर, पृथ्वी फिरते म्हणता ना? मग हेलिकॉप्टर सरळ वर न्यायचं अन् तिथंच थांबायचं. अमेरिका आपोआप खाली येईल की! पंधरा-सोळा तास उडायचं कामून?”

हसू नका, प्रश्न चांगला आहे. आपली परभणी या क्षणी ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेकडे पळतेय. पण तिच्यावरची हवाही सोबतच पळते. जिंतूरच्या एसटीत शेंगदाणा वर उडवला तर तो आपल्याच हातात पडतो, मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर नाही. काकांचं हेलिकॉप्टर म्हणजे तो शेंगदाणा. दिवसभर इंधन जाळा, खाली परभणीच.

पण म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाशी संबंध नाही, असं मात्र नाही. खरी गंमत इथेच आहे.

विषुववृत्ताजवळ हवा तापून वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे सरकते. निघताना तिच्याकडे पृथ्वीकडून मिळालेला ताशी १,६७० किमीचा पूर्वेकडचा वेग असतो. उत्तरेला सरकताना ती पृथ्वीच्या अक्षाजवळ येत जाते. फुगडीत हात आखडून जवळ आलं की गिरकी वाढते, तसा हवेचाही वेग वाढतो. याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. ३० अंश अक्षांशावर अक्षापासूनचं अंतर ०.८६६ पट होतं, म्हणून वेग १,६७० भागिले ०.८६६, म्हणजे सुमारे १,९२८. तिथली जमीन मात्र १,४४६ नेच फिरते. फरक ताशी ४८० किमी! प्रत्यक्षात वातावरणातले भोवरे हा संवेग वाटून घेतात, त्यामुळे वारा एवढा सहसा वाहत नाही. तरी दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा ताशी दीडशे-दोनशे किमीचा वारा नेहमीचा. हाच जेट प्रवाह. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी तो फुगे सोडून मोजला होता आणि १९२६ मध्ये अहवाल छापला, तोही एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत! जगाने लक्ष दिलं नाही, यात नवल काय?

विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरा. समोरून १५० चा वारा आला तर जमिनीवरून मोजलेला वेग ७५०, पाठीमागून आला तर १,०५०. म्हणून काकांच्या मुलाला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. वेग ताशी १,३०० किमीच्या वर दिसल्यामुळे काहींनी लगेच ‘आवाजालाही मागे टाकलं’ असं ठोकून दिलं. भोवतालच्या हवेच्या तुलनेत त्याने आवाजाचा वेग मुळीच ओलांडला नव्हता.

म्हणजे नुसतं अंतर पाहून वेळ कळत नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० झाली, पण पाठीमागून वारा मिळाल्याने ते साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोचलं. आणि या दोन शहरांतली सर्वांत जवळची वाट तर पूर्वेची नाही, पश्चिमेचीही नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो दिल्लीहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो.

काकूंनी शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल म्हणून पोराचं तिकीट एकदा बदलायला लावलं होतं. हे सगळं ऐकून काका हळूच म्हणाले, “मग पंचांगात दिशा कोणती बघायची, हे तिला तुम्हीच सांगा.”