डेस्कटॉपला वायफाय नसतंच?

‘वायफाय लॅपटॉपला, डेस्कटॉपला वायरच लागते’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. हल्लीच्या अनेक मदरबोर्डवर (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवर) वायफाय मुळातच असतं. मागच्या बाजूला आटे असलेली दोन सोनेरी टोकं दिसली, तर ती बहुधा अँटेनाचीच. (अँटेना मात्र अनेकदा पॅकिंगच्या खोक्यातच पडून राहिलेला असतो!) टोकं नाहीत म्हणून वायफाय नाही, असंही नव्हे, काही डेस्कटॉपमध्ये अँटेना आतच असतो. म्हणून विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली ‘वायरलेस’, ‘वायफाय’ किंवा ‘८०२.११’ (वायफायच्या तांत्रिक मानकाचा क्रमांक) शोधा. तिथे नाही, पण ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसतोय? मग वायफाय कार्ड असूनही ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नसेल. काहीच नसेल, तर यूएसबी पोर्टमध्ये बसणारा वायफाय अडॅप्टर लावता येतो.